कुणाकडे आलात?

“...ते सगळं कळलं. पण ते पाहुणे आले कुणाकडे?”

सरांनी दुसऱ्यांदा विचारलं.

“देवराई बघायला, सर.”

“काय बघायला, ते नाही विचारलं. कुणाकडे?”

ऋतिकाने माझ्याकडे बघितलं. मी खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, कडेला वाळत घातलेल्या कोकमांकडे बघितलं. सरांनी प्रश्न विचारला की मधे पडायचं नाही, हे मी विद्यार्थिनी असताना शिकले, आणि आता स्वतः शिकवायला लागले तरी ते मोडायची माझी हिंमत नाही.

सर म्हणजे केळुसकर सर. आमच्या विद्यापीठाचा पर्यटन आणि आतिथ्य विभाग त्यांनी उभा केला. निवृत्त झाले आणि सुरंगवाडीला, स्वतःच्या गावी येऊन राहिले. लोकांना वाटतं, गावी बसलेला म्हातारा म्हणजे मोबाईलला नाकं मुरडणारा असणार. हॅ! विभागात पहिला संगणक सरांनी आणला. हॉटेलची खोली संगणकावरून कशी राखून ठेवायची, ते आमच्या आधीच्या कितीतरी तुकड्यांना त्यांनी शिकवलं. त्यांचा फोन माझ्या फोनपेक्षा नवा आहे.

आणि ऋतिका मगदूम शेवटच्या वर्षाची. जयसिंगपूरची. हुशार. आपण हुशार आहोत, हे तिला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही.

शेवटच्या वर्षाला आमची मुलं एकेक गाव घेतात आणि ते गाव जगापुढे आणतात. वेबसाईट, व्हिडिओ, नकाशा, पाहुण्यांच्या प्रश्नांना आपोआप उत्तरं देणारी सोय, सगळं स्वतः करायचं. वर्षाच्या शेवटी बाहेरचे परीक्षक येतात. या वर्षीचे परीक्षक वैद्य, एका मोठ्या हॉटेल कंपनीत डिजिटल कामाचे प्रमुख. सगळ्यांत चांगल्या मुलाला ते थेट नोकरी देणार होते. त्यांची एकच अट होती: मुलाने केलेला नकाशा धरून ते एकटे निघणार. नकाशा चुकला तर प्रकल्प नापास.

ऋतिकाने सुरंगवाडी घेतली. गावाची देवराई नकाशावर आणली. तिचा व्हिडिओ एवढा गाजला, की विभागात मी नाक वर करून फिरत होते. तिने तर घरी सांगून ठेवलं होतं, नोकरी मिळाल्यातच जमा आहे म्हणून.

आणि मग गावाने देवराईची वाट बंद केली. करवंदीच्या काटेरी जाळ्या तोडून वाटेवर आडव्या टाकल्या.

म्हणून आम्ही दोघी सरांच्या खळ्यात बसलो होतो.

“गावाला कळतच नाही, सर,” ऋतिका म्हणाली. “आधी इथं कुणी फिरकत नव्हतं. आता शनिवार-रविवारी गाड्या लागतात. चार भाषांत उत्तरं देते माझी वेबसाईट. कधी पण विचारा, लगेच उत्तर. अजून काय पाहिजे ओ?”

“छान केलीस वेबसाईट.”

“थँक्यू, सर.”

“मी कानडीत विचारून बघितलं. उत्तर बरोबर आलं.”

ऋतिका फुलली. मीही फुलले, खोटं कशाला बोलू.

“व्हिडिओ दाखव,” सर म्हणाले.

तिने दाखवला. लाल रस्ता. मग एकदम उंच झाडं, वेलींचा अंधार, खाली पानांत दगडाचा देव. अंगावर काटा आला. मी तो व्हिडिओ कितीदा बघितला असेल, तरी आला.

सरांनी बोटाने तो मागे नेला. रस्ता. झाडं. पुन्हा मागे. रस्ता. झाडं.

“इथे काय होतं?”

“कुठं?”

“रस्ता संपला आणि झाडं सुरू झाली, त्याच्या मधे.”

“...ते कट केलं, सर.”

“काय कट केलंस?”

“लांबत होतं ओ. लोक थांबत नाहीत. लगेच झाडं दिसली नाहीत तर पुढं जातात.”

“काय लांबत होतं?”

ऋतिकाने फोनकडे बघितलं. तिला ते दृश्य आठवत होतं, चेहऱ्यावरून दिसत होतं.

“शेवंतीकाकींनी पाणी दिलं, ते. पाण्याबरोबर गूळ. मग त्यांनी चपला काढायला लावल्या. मग देवराईच्या तोंडाशी उभं करून माझं नाव घेतलं... ते गाऱ्हाणं.”

“काय म्हणाली शेवंती?”

“ऋतिका नावाची मुलगी आमच्याकडे आली आहे, लांबून आली आहे, तिला सांभाळ, असं काहीतरी. मालवणीत.”

“आणि?”

“बाकीचे ‘होय म्हाराजा’ म्हणाले.”

“आवडलं तुला?”

“...रडूच आलं मला, सर.”

“आणि तू ते कापलंस.”

सरांनी फोन तिच्या हातात परत दिला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

गावाची पद्धत मला माहीत होती, कारण सरांनी आम्हालाही एकदा इथे आणलं होतं. सुरंगवाडीच्या देवराईत एकटं कुणी जात नाही. पाहुण्याला न्यायची पाळी असते, महिन्याला एका घराची. त्या घराने पाणी विचारायचं, नाव विचारायचं, गाऱ्हाणं घालून देवाला ते नाव सांगायचं आणि मग आत न्यायचं. ज्याची पाळी त्याचा शब्द. कुणाला न्यायचं आणि कुणी न्यायचं, ते तोच ठरवणार.

ऋतिकाचा नकाशा लोकांना सरळ देवाच्या पायाशी सोडत होता. कुणी चपला घालून. कुणी दगडावर बसून फोटो काढून. वाईट माणसं नव्हती ती. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तेवढ्यात शेवंतीकाकी आल्याच. त्या महिन्यात पाळी त्यांच्याकडे होती. ऋतिका ताठ बसली. ओरडा बसणार, असं तिला वाटलं असावं.

“बाय, तुझ्या फोटोंचो आमका काय्येक त्रास नाय,” काकी म्हणाल्या. “पण माणसा येतत आणि सरळ आत जातत. मी पाणी घेवन भायर येय्पर्यंत गाडी परत गेलेली. दारावरसून पावणो तसोच गेलो, ह्या बरा दिसता?”



“देव काय, तो समजान घेतलो,” काकी म्हणाल्या. “माका झोप येणा नाय.”

आणि कोकमं उलटी करायला खाली बसल्या. वाळत घातलेलं कुणाचंही असो, काकी ते उलटं केल्याशिवाय राहत नाहीत.

ऋतिकाने फोन उघडला. नाक लाल झालं होतं.

“काढून टाकते सगळं. नकाशावरची खूण, व्हिडिओ, वेबसाईट. संपला विषय.”

“प्रकल्प?” मी विचारलं. मधे पडले शेवटी.

“गेला उडत.”

सरांनी पानाचा डबा पुढे ओढला. बोटाला चुना लावला आणि खळ्याच्या सारवलेल्या जमिनीवर एक पांढरी रेघ ओढली.

“हा रस्ता.”

रेघेला लागून ठिपके दिले. “ही घरं.”

पलीकडे एक गोल. “ही देवराई.”

एक सुपारी ऋतिकाच्या तळहातावर ठेवली. “ही तुझी खूण. ठेव जिथे आहे तिथे.”

ऋतिकाने सुपारी गोलात ठेवली.

सरांनी ती उचलली. अडकित्त्याने कातरली. एक खांड तोंडात टाकलं.

“गेली खूण,” ते म्हणाले. “गाव खूश. आता पाहुणे?”

“...येणार नाहीत.”

“नको आहेत तुला?”

“हवेत की ओ, सर! त्यासाठीच तर सगळं शिकले मी!”

ती ओरडलीच. काकींनी वळून बघितलं. हिला पाहुणे हवे होते. नुसते आकडे नकोत, माणसं हवी होती. वर्गात मी तिला एवढ्या वेळा ऐकलं, पण तेवढ्या आवाजात ती हे कधी बोलली नव्हती.

सरांनी डब्यातली दुसरी सुपारी काढली. तिच्या तळहातावर ठेवली.

“मग ही कुठे ठेवतेस?”

आणि पान लावून तोंडात घातलं. पान तोंडात असताना सर बोलत नाहीत. विभागात कुणालाही विचारा.

ऋतिका सुपारी घेऊन बसली. गोलाकडे नेली... मागे घेतली. गोलाच्या कडेला नेली. मागे घेतली. काकींची कोकमं उलटून झाली. वाडीतल्या गाई परतल्या. सर पान चघळत होते, आणि मला सारखं वाटत होतं की सांगून टाकावं हिला. पण काय सांगावं, ते मलाही माहीत नव्हतं.

मग ती पुढे सरकली. सुपारी एका ठिपक्यावर ठेवली. गोलापासून चांगली लांब.

“हे शेवंतीकाकींचं घर.”

सरांनी भुवया वर केल्या.

“या महिन्यात इथं,” ती म्हणाली. “पुढच्या महिन्यात पाळी ज्यांची, त्यांच्या दारात. मग पुढच्या दारात. खूण फिरत राहील. लोक देवराई शोधतील आणि कुणाच्यातरी दारात येतील.”

सरांनी उठून पिंक टाकली. तोंड पुसलं.

“म्हणजे नकाशा दरवेळी चुकीचा.”

“होय, सर. दरवेळी.”

“आणि वैद्य?”

ऋतिका हसली. तिचं ते जुनं, नाक वर केलेलं हसू परत आलं.

“बघू की.”

तिने तीन गोष्टी केल्या, असं मी मोजून सांगणार नाही, कारण तिने कितीतरी गोष्टी केल्या आणि मी तोंडात बोट घालून बघत राहिले. खूण हलवली. ज्यांनी ज्यांनी जुनी जागा पुढे पाठवली होती, त्यांना शोधून एकेकाला लिहिलं, ‘नवा रस्ता असा आहे, तुमचाही बदला.’ बऱ्याच जणांनी बदलला. ज्यांनी बदलला नाही, त्यांना पुन्हा लिहिलं. काकींचा फोन घेऊन खूण कशी सरकवायची ते त्यांना शिकवलं, आणि काकींनी ते पुढच्या घराला शिकवलं. व्हिडिओ नव्याने जोडला. पाणी, गूळ, चपला, गाऱ्हाणं, सगळं आत. लांबला. लोक थांबले. मला वाटलं नव्हतं थांबतील.

गावाने करवंदीच्या जाळ्या उचलल्या.

आता पाहुणे येत, दारात गाडी थांबवत आणि गोंधळून विचारत, “देवराई इथेच का?” आतून कुणीतरी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येई. “बसा हो. कोणाकडे इलास?” पाहुणे एकमेकांकडे बघत आणि म्हणत, “तुमच्याकडेच, बहुतेक.”

एकदा मी ऋतिकाला म्हटलं, “पाहुण्यांना एकदा तू ने की आत. काकी हो म्हणतील.”

“मी कुठली नेणार, मॅडम. मी बाहेरची. पाळी घराला असते.”

ती हे इतकं साधं बोलली, की मला क्षणभर वाटलं, ही दुसरीच कुणीतरी मुलगी आहे.

परीक्षेचा दिवस ठरला. पाळी तेव्हा सरांच्या घराकडे आली होती.

आदल्या दिवशी मी तिला गाठलं. मी विभागाची माणूस आहे, मला निकालाची काळजी असते. मुलीच्या नोकरीची तर जास्तच.

“ऋतिका, ऐक. उद्याच्या दिवसापुरती खूण देवराईत ठेव. वैद्य येऊन गेले की परत हलव. कुणाला कळणार नाही.”

“नको, मॅडम.”

“अगं, नापास करतील ते! अटच आहे त्यांची.”

“माहिताय.”

“घरी काय सांगणार आहेस?”

तिला ते लागलं. मला दिसलं, लागलं. ती जरा वेळ चपलेच्या पट्ट्याशी खेळत राहिली.

“मॅडम, उद्या खूण देवराईत ठेवली,” ती म्हणाली, “तर वैद्य सर कुणाकडे येतील?”

मला रडू येत होतं आणि छाती फुगली होती, दोन्ही एकाच वेळी. मी हिला शिकवते, हे मला तेव्हा सगळ्या जगाला ओरडून सांगावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी वैद्यांची गाडी सरांच्या दारात थांबली.

उंच, नेटका माणूस. हातात फोन. नकाशाकडे बघत खळ्यात आले, इकडेतिकडे बघितलं. कोकमं, पानाचा डबा, आरामखुर्चीत सर. पायरीजवळ ऋतिका आणि मी.

“ही देवराई?”

“नाही,” सर म्हणाले.

“पण नकाशा इथेच संपतो.”

“हो.”

वैद्यांनी ऋतिकाकडे बघितलं. “मगदूम, तुमचा नकाशा चुकलाय.”

आधीची ऋतिका असती तर भांडली असती. वेबसाईट दाखवली असती, आकडे दाखवले असते, मधेच माझं नाव घेतलं असतं. ती हात बांधून उभी राहिली. मान खाली नव्हती. अजिबात नव्हती.

“होय, सर,” ती म्हणाली. “मुद्दाम.”

“मुद्दाम? माझी अट माहीत होती ना?”

“होय.”

वैद्यांनी फोनवर परीक्षकाचा फॉर्म उघडून वर धरला. “इथे माझ्यापुढे एकच प्रश्न आहे. नकाशा पाहुण्याला पोचवतो का? हो किंवा नाही. तिसरं उत्तर नाही.” त्यांचा आवाज चढला नव्हता, पण ते चिडले होते, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. एवढा लांब प्रवास करून माणूस येतो आणि नकाशा त्याला भलत्याच्या खळ्यात आणून सोडतो.



सर उठले. आत गेले. तांब्या आणि गुळाची वाटी घेऊन बाहेर आले.

“बसा. पाणी घ्या.”

“मी आधी...”

“आधी पाणी.”

वैद्य बसले. पाणी प्यायले. उन्हातून आले होते, सगळा तांब्या संपवला. गुळाचा खडा तोंडात टाकला आणि जरा हलके झाले. अशा वेळी सगळेच होतात.

“नाव काय आपलं?” सरांनी विचारलं. “पूर्ण.”

“अनिरुद्ध वैद्य. का?”

“गाव?”

“...मूळचं अंबाजोगाई. आता कुणी नाही तिथे. का विचारताय?”

सरांनी गुळाची वाटी पुन्हा पुढे केली. वैद्य रिकाम्या तांब्याकडे बघत राहिले.

“खूप दिवसांनी कुणी गाव विचारलं,” ते म्हणाले. “आम्ही हॉटेलात पाहुण्याचं आडनाव विचारतो. आणि ओळखपत्र.”



“एक विचारू?” सर म्हणाले.

“विचारा.”

“तुम्ही आलात कुणाकडे?”

वैद्यांनी सरांकडे बघितलं. घराकडे बघितलं. मग फोनमधल्या नकाशाकडे, त्यावरच्या खुणेकडे. आणि मग ऋतिकाकडे. बराच वेळ.

“...हिच्याकडे,” ते म्हणाले.

त्यांनी फोनवर ‘हो’वर बोट ठेवलं आणि फोन खिशात टाकला.

ऋतिकाचे डोळे भरले. मी तिचा हात धरला.

सरांनी आरामखुर्चीखालची स्वतःची चप्पल पायाने मागे सारली आणि पुन्हा खुर्चीत बसले. डब्यातून पान काढलं. त्याला चुना लावता लावता, वर न बघता म्हणाले,

“ऋतिका, तुझे पाहुणे आलेत. आत ने त्यांना... आणि गाऱ्हाणं घालताना अंबाजोगाई विसरू नकोस.”